लिक्विड इफेक्ट कसे करायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहते रंग, वितळलेला धातू, तेलाचा तवंग, एकमेकांत मिसळणारे थेंब अशी अमूर्त चित्रं संगणकावर करायला बसलं की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मेन्यूतली नावं बहुतेक ठिकाणी फोटोशॉपची आहेत, कारण विचारणारे बहुतेकजण तेच वापरतात. दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी अडणार नाही. नावं बदलतात, युक्त्या त्याच राहतात.

लिक्विड इफेक्टसाठी एखादा खास फिल्टर असतो का?

नाही. असा एखादा फिल्टर मिळेल या आशेने मेन्यू धुंडाळण्यात सुरुवातीचा बराच वेळ वाया जातो. ‘लिक्विफाय’ या नावामुळे गैरसमज आणखी वाढतो. लिक्विफाय चित्र फक्त ओढतं, ढकलतं, फिरवतं. त्यातून आकार वळणदार होतात, पण ओले दिसत नाहीत. ओलेपणा येतो तो उजेडामुळे. हायलाइट कुठे पडलाय, कड कशी गडद झालीय, मागचं दृश्य कसं वाकलंय, यावरून आपला डोळा ‘हे द्रव आहे’ असं ठरवतो.

म्हणून काम तीन टप्प्यांत करा: आधी आकार, मग प्रकाश, सगळ्यात शेवटी रंग. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये हाच क्रम वेगवेगळ्या वेशात भेटेल.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

हाताशी असेल ते. फोटोशॉपमध्ये लिक्विफाय २००० साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे जुनी प्रत असली तरी चालते. गिंप मोफत आहे. २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून त्यात ‘वार्प ट्रान्सफॉर्म’ नावाचं टूल आहे आणि ते थेट कॅनव्हासवर चालतं, वेगळी खिडकी उघडावी लागत नाही. क्रिटाही मोफत आहे. त्याच्या ट्रान्सफॉर्म टूलमध्ये लिक्विफायचा पर्याय आहे आणि तो मास्क म्हणून लावला तर मूळ चित्राला धक्का लागत नाही. अ‍ॅफिनिटी फोटोत लिक्विफायसाठी वेगळा ‘पर्सोना’, म्हणजे कामाचा स्वतंत्र विभाग, आहे. फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं. आयपॅडवर प्रोक्रिएटचं लिक्विफाय बोटाने किंवा पेन्सिलने वापरता येतं, आणि नुसत्या आकारांशी खेळण्याचा आनंद हवा असेल तर मला तेच सगळ्यात जास्त आवडतं.

ढगांसारखा नॉइज (उजेड-अंधाराचा अनियमित पोत), ब्लर (धूसर करणारा), कर्व्ह्ज (रेष वाकवून उजेड-अंधार बदलणारं), ग्रेडियंट मॅप (राखाडी छटांना रंग देणारा), डिस्प्लेस (पिक्सेल सरकवणारा) आणि लिक्विफाय ही सहा अवजारं ज्यात आहेत ते सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

कॅनव्हास किती मोठा घ्यायचा?

चित्र शेवटी कुठे जाणार आहे त्यावर ते अवलंबून आहे. फोर-के स्क्रीनच्या वॉलपेपरसाठी ३८४० × २१६० पिक्सेल लागतात. ए-३ आकारात ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं असेल तर ३५०८ × ४९६१. पण सुरुवात एवढ्या मोठ्या आकारात करू नका. आधी १२००-१५०० पिक्सेलवर खेळून बघा, पसंत पडलं की मोठ्यावर करा. कारण फक्त वेगाचं नाही. फोटोशॉपचा ‘क्लाउड्स’ फिल्टर कॅनव्हासच्या मापाप्रमाणे मोठा होत नाही. मोठ्या कॅनव्हासवर तोच फिल्टर बारीक, गिचमिड दिसतो. भले मोठे, संथ आकार हवे असतील तर छोट्या कॅनव्हासवर ढग करायचे आणि मग ताणून मोठे करायचे. ढग मुळातच धूसर असतात, त्यामुळे ताणल्याने काही बिघडत नाही.

सुरुवात कशाने करू?

राखाडी ढगांनी. फोरग्राउंड काळा, बॅकग्राउंड पांढरा ठेवा आणि ‘फिल्टर’ मेन्यूतल्या ‘रेंडर’मधून ‘क्लाउड्स’ चालवा. गिंपमध्ये हेच काम ‘सॉलिड नॉइज’ करतो. तयार झालेल्या चित्राकडे ढग म्हणून पाहू नका, उंचसखल जमिनीचा नकाशा म्हणून पहा. पांढरं म्हणजे उंचवटा, काळं म्हणजे खोलगट. पुढच्या प्रत्येक पायरीला हा नकाशाच उपयोगी पडणार आहे.

या नॉइजला छान इतिहास आहे. संगणकावर काढलेली चित्रं फार यांत्रिक, गुळगुळीत दिसतात म्हणून केन पर्लिन यांनी १९८३ च्या सुमारास नैसर्गिक वाटेल असा नॉइज तयार करण्याची पद्धत शोधली. १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. आज ढग, संगमरवर, आग, पाणी असं काहीही संगणकावर बनवताना त्या कल्पनेचा कुठला ना कुठला वंशज आत काम करत असतो.

माझे ढग धुरासारखेच राहतात. द्रव का वाटत नाहीत?

कारण ढगांमध्ये मोठे आणि अगदी बारीक चढउतार एकत्र असतात. द्रवाच्या पृष्ठभागावर बारीक खरखर टिकत नाही, पृष्ठताण ती लगेच सपाट करून टाकतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे गॉसियन ब्लर. १२०० पिक्सेलच्या चित्राला ८ ते १५ पिक्सेलचा ब्लर देऊन बघा, मग लेव्हल्सने (उजेड-अंधाराच्या मर्यादा ठरवणारे स्लायडर) काळं-पांढरं पुन्हा खेचा. ‘मीडियन’ फिल्टरही इथे कामाचा आहे. तो कोपरे गोल करतो आणि कड मात्र बऱ्यापैकी राखतो, त्यामुळे रंग ओघळून थिजल्यासारखा परिणाम येतो.

संगमरवरी शिरा हव्या असतील तर ‘डिफरन्स क्लाउड्स’ तीन-चार वेळा लागोपाठ चालवा. हा फिल्टर जुन्या चित्रातून नवे ढग वजा करतो आणि उणे आलेली किंमत उलटी करून अधिक करतो. जिथे वजाबाकी शून्यापाशी येते तिथे घडी पडते आणि तीच काळी शीर म्हणून दिसते. प्रत्येक वेळी घड्या वाढत जातात. सातव्या-आठव्या वेळेला मात्र शिरांचा नुसता गुंता होतो, तेव्हा वेळीच हात आवरा.

लिक्विफाय वापरलं की चित्र रबरासारखं ताणलेलं दिसतं. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा ब्रश फार लहान असतो आणि ‘ब्लोट’ फार वापरलेला असतो.

थोडं भौतिकशास्त्र समजून घेतलं तर हात आपोआप सुधारतो. पाणी किंवा रंग दाबून लहान होत नाही, फुगवून मोठाही होत नाही. एका ठिकाणचा रंग ढकलला की तो दुसरीकडे जागा करून घेतो, त्याचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. संगमरवरी कागद बनवताना पाण्यावर रंगाचा थेंब टाकला की आधीचे थेंब बाजूला सरकतात आणि कडेकडेने बारीक होत जातात. पातळ होतात, नाहीसे होत नाहीत. ‘ब्लोट’ आणि ‘पकर’ हा नियम मोडतात. ते आकार फुगवतात किंवा आवळतात, म्हणून फुग्यासारखं किंवा च्युइंगगमसारखं दिसतं. ‘ट्वर्ल’ नुसतं फिरवतं, त्यामुळे भोवरा खरा वाटतो. ‘फॉरवर्ड वार्प’ मोठ्या ब्रशने, लांब आणि सावकाश फटकाऱ्यात वापरलं तर प्रवाहासारखं वागतं. छोट्या ब्रशने टोचत राहिलात तर सुरकुत्या पडतात.

माझी सवय अशी: ब्रश चित्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, प्रेशर ३०-४०, डेन्सिटी मध्यम. आधी एका दिशेने पूर्ण आडवा फटकारा, मग त्याला काटकोनात उलटसुलट फटकारे, कंगवा फिरवल्यासारखे. पाचसहा फटकाऱ्यांनंतर ब्रश अर्ध्यावर आणायचा आणि दोन-तीनच भोवरे द्यायचे. भोवऱ्याची दिशा उलटवायची असेल तर ऑल्ट दाबून धरा. प्रत्यक्षात शेजारशेजारचे भोवरे बहुधा उलट दिशांना फिरतात, गियरच्या चाकांसारखे. एवढी एक गोष्ट पाळली तरी चित्र एकदम पटायला लागतं.

कडा आत ओढल्या जाऊन रिकामी जागा दिसत असेल तर ‘पिन एजेस’ चालू करा. एखादा भाग बरा जमलाय आणि तो हलू द्यायचा नसेल तर त्यावर ‘फ्रीझ मास्क’ फिरवा. तेवढा भाग लाल दिसतो आणि जागचा हलत नाही.

वेव्ह, ट्वर्ल, पोलर कोऑर्डिनेट्स हे जुने फिल्टर अजून कामाचे आहेत का?

आहेत, पण चिमटीभर. ‘वेव्ह’मध्ये जनरेटर दोन-तीनच ठेवा आणि तरंगलांबी मोठी ठेवा. जनरेटर वीस, लांबी दहा असं केलंत की उथळ पाण्याचा खळखळाट नुसता. ‘पोलर कोऑर्डिनेट्स’ सरळ पट्टे गोल करतो. चित्राची वरची कड मध्यबिंदूत गोळा होते आणि डावी-उजवी कड एकमेकांना भिडते. त्या सांध्यावर रेघ दिसते. ती टाळायला आधी ‘ऑफसेट’ने चित्र अर्ध्या रुंदीएवढं सरकवा, सांधा मधोमध येईल, तो क्लोन स्टॅम्पने किंवा स्मजने पुसा आणि मग गोल करा.

डिस्प्लेस फिल्टर काय करतो? तो चालवला की फाइल मागतो आणि पुढे काही कळत नाही.

हा सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात दुर्लक्षित फिल्टर आहे, म्हणून जरा सविस्तर.

डिस्प्लेस एका चित्राच्या उजेड-अंधारानुसार दुसऱ्या चित्राचे पिक्सेल सरकवतो. जी फाइल तो मागतो तो म्हणजे सरकवण्याचा नकाशा. नकाशातला १२८ हा मधला राखाडी म्हणजे जागचे हलू नका. त्यापेक्षा उजळ भाग एका बाजूला सरकवतो, गडद भाग दुसऱ्या बाजूला. नकाशात एकापेक्षा जास्त चॅनल (लाल, हिरवा, निळा असे रंगांचे वेगवेगळे भाग) असतील तर पहिल्यावरून आडवं सरकणं ठरतं आणि दुसऱ्यावरून उभं. म्हणजे आरजीबी फाइलमध्ये लाल चॅनल आडव्यासाठी आणि हिरवा उभ्यासाठी. दोन्हींत वेगवेगळे ढग ठेवलेत तर सरकणं दोन्ही दिशांना स्वतंत्र होतं आणि परिणाम कितीतरी नैसर्गिक दिसतो. एकच राखाडी नकाशा वापरला तर सगळं एकाच तिरप्या रेषेत सरकतं. चित्र तिरकं खेचल्यासारखं का वाटतं, याचं हे कारण.

कृती अशी. ढगांचा नकाशा करा, चांगला धूसर करा, लेयर (चित्राचे एकावर एक थर) एकत्र करून पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, म्हणून वेगळा साठवा. मग रंगीत पट्ट्यांचं एक साधं चित्र घ्या, अगदी सरळ रेघांचं. त्यावर डिस्प्लेस चालवा, आडवं-उभं प्रमाण ५० च्या आसपास, आणि नकाशा निवडा. सरळ पट्टे लाटांसारखे वळतील. आता तोच नकाशा पुन्हा लावा. मग पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पट्टे एकमेकांभोवती गुंडाळायला लागतात आणि दुधात रंग सोडल्यासारखं दिसतं. नॉइजने नॉइजलाच वाकवण्याची ही कल्पना आहे, आणि हाताने लिक्विफाय करून असा बारीक एकसंध प्रवाह मिळणं कठीण.

दातेरी कडा दिसल्या तर दोष बहुधा नकाशाचा असतो. त्याला आणखी ब्लर द्या.

पारा किंवा वितळलेल्या क्रोमसारखं कसं दिसेल?

‘फिल्टर गॅलरी’त ‘क्रोम’ नावाचा फिल्टर आहे. एकदा लावून पहा आणि विसरून जा. त्यापेक्षा कर्व्ह्ज पुष्कळ चांगलं काम करतात.

चकचकीत धातूला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, तो भोवतालचं प्रतिबिंब दाखवतो. पृष्ठभाग जरा वळला की प्रतिबिंब झटकन बदलतं, आकाशावरून जमिनीवर, खिडकीवरून भिंतीवर. म्हणून धातूवर पांढऱ्याला लागून काळा असतो, मधली सावकाश छटा फारशी नसते. हे नकली करायचं तर आपला धूसर राखाडी नकाशा घ्या, वर कर्व्ह्जचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ चित्र न बदलता वरून परिणाम करणारा थर) टाका आणि सरळ रेषेऐवजी तीन-चार वेळा वर-खाली जाणारी नागमोडी रेष काढा. प्रत्येक चढउतार नकाशावर काळा-पांढरा पट्टा उमटवतो आणि हे पट्टे उंचवट्यांभोवती वळत जातात. क्षणात पारा तयार. रेषेचे बिंदू हलवत राहिलात तर पारा हलतोय असा भास होतो. मी त्यात अर्धा-अर्धा तास घालवलेला आहे.

दोन गोष्टी सांभाळा. चढउतार एकसारखे ठेवू नका, एखादा पांढरा पट्टा रुंद आणि एखादा केसासारखा बारीक असू द्या. आणि नकाशा अतिशय मऊ हवा. त्यात थोडी जरी खरखर राहिली तरी कर्व्ह्ज तिला शंभरपट करून दाखवतात.

थेंब एकमेकांना भिडून एक होताना दिसतात, तसं कसं करायचं?

हे अगदी सोपं आहे आणि कोणालाही दाखवलं की टाळ्या मिळतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके काढा, काही दूर, काही जवळजवळ चिकटलेले. सगळ्यांना मिळून गॉसियन ब्लर द्या, ठिपक्याच्या त्रिज्येच्या साधारण अर्ध्याएवढा. आता लेव्हल्स उघडा आणि काळा व पांढरा स्लायडर मध्यावर एकमेकांच्या अगदी जवळ आणा. धूसर कडा पुन्हा धारदार होतात, पण जिथे दोन ठिपक्यांचा धूसरपणा एकमेकांत मिसळला होता तिथे पूल तयार होतो, दोन थेंब मानेने जोडल्यासारखे. थ्रेशोल्डनेही हे होतं, पण त्यात कडा दातेरी येतात.

जेम्स ब्लिन यांनी १९८२ मध्ये त्रिमितीय आकारांसाठी मांडलेल्या कल्पनेचं हे घरगुती रूप आहे. प्रत्येक थेंबाभोवती विरत जाणारं एक क्षेत्र असतं, क्षेत्रांची बेरीज करायची आणि ठरावीक मर्यादेच्या वरचं ते ‘आत’ धरायचं. अक्षरांवरही ही युक्ती लावून पहा, अक्षरं वितळल्यासारखी होतात. फक्त आधीच अंदाज घ्या. बारीक रेघांचा फाँट असेल तर रेघा ब्लरमध्येच विरून जातात, म्हणून जाड फाँट घ्या.

पाण्याचा पारदर्शक थेंब काढला तर तो काचेच्या गोटीसारखा किंवा बटणासारखा दिसतो.

उजेडाची बाजू तपासा. डावीकडून वरून प्रकाश येत असेल तर छोटा चकाकता ठिपका डावीकडे वर असतो, हे सगळ्यांना जमतं. गडबड होते ती आतल्या छटेत. भरीव चेंडूवर उजेडाकडची बाजू उजळ आणि पलीकडची गडद असते. पारदर्शक थेंबात नेमकं उलट! थेंब भिंगासारखा प्रकाश गोळा करून पलीकडच्या बाजूला टाकतो, त्यामुळे थेंबाच्या आत उजेडाकडची बाजू गडद आणि विरुद्ध बाजू उजळ दिसते. आणि बाहेर पडणाऱ्या सावलीच्या मधोमधही थोडा उजेड सांडलेला असतो.

लेयर स्टाइलने करायचं तर ‘फिल’ जवळजवळ शून्यावर न्या, म्हणजे लेयरचा मूळ रंग जातो आणि स्टाइल राहते. मग उजेडाच्या बाजूने इनर शॅडो, बाहेर छोटी ड्रॉप शॅडो, आणि वेगळ्या लेयरवर खालच्या उजव्या बाजूला आतून पांढरी झाक, ब्लेंड मोड (लेयर खालच्या चित्रात कसा मिसळतो ते) ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइट. थेंबाखाली एखादं पोत असलेलं चित्र असेल तर तेवढ्या भागाला थोडं स्फेराइज करा, म्हणजे गोलाकार फुगवा. मागचं दृश्य वाकल्याशिवाय थेंब खरा वाटत नाही.

रंग कधी भरायचा?

शेवटी. आधी रंग आणि मग आकार म्हणजे आधी कळस मग पाया. रंगीत चित्रावर आकाराचे प्रयोग केले की रंगांच्या मोहात आकाराचे दोष दिसत नाहीत, शिवाय प्रत्येक ओढाताणीत रंग एकमेकांत मिसळून मातकट होतात.

राखाडी चित्र पूर्ण झालं की वर ग्रेडियंट मॅपचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाका. काळ्याच्या जागी अगदी गडद निळा किंवा जांभळा, मध्ये एक ठाम रंग, पांढऱ्याच्या अलीकडे फिकट उबदार छटा. तीन-चार रंग पुरतात. ग्रेडियंटमधले दोन बिंदू जवळ आणले की तिथे कड उठून दिसते, दूर नेले की मऊ होते. म्हणजे हे आकारावर शेवटचा हात फिरवणंही आहेच. त्या लेयरचा ब्लेंड मोड बदलून पहा. कलर ठेवला तर खालचा उजेड-अंधार जसाच्या तसा राहतो.

तेलाच्या तवंगाचे इंद्रधनुषी रंग जमत नाहीत. इंद्रधनुष्याचा ग्रेडियंट लावला तर खेळण्यासारखं दिसतं.

कारण तवंगाचे रंग इंद्रधनुष्याचे नसतातच. तेलाचा थर इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मारतात. कोणता रंग उरेल ते थराच्या जाडीवर ठरतं. जाडी वाढत गेली की गुलाबी आणि हिरवा यांचे आलटून पालटून पट्टे येतात, तेही हळूहळू फिकट होत. शुद्ध लाल जवळजवळ दिसत नाही.

तेव्हा ग्रेडियंटमध्ये गडद करडा, पिवळट तपकिरी, जांभळा-किरमिजी, निळा, हिरवट, पिवळा, गुलाबी, हिरवा, गुलाबी, हिरवा असा क्रम ठेवा आणि पुढचे रंग क्रमाने फिके करा. तो गडद पार्श्वभूमीवर स्क्रीन मोडमध्ये, ४०-५० टक्के अपारदर्शकतेने लावा.

गुळगुळीत छटांमध्ये पट्टे पट्टे दिसतात. कसे घालवायचे?

८-बिट चित्रात प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या असतात. वर सांगितलेल्या नागमोडी कर्व्हने त्यातल्या वीस-पंचवीस पायऱ्या ताणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नेल्या की मधल्या रिकाम्या जागा पट्टे म्हणून दिसणारच. काम पहिल्यापासून १६-बिटमध्ये करा. आधी ८-बिटमध्ये ढग करून नंतर १६ केलं तर उपयोग होत नाही, हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. मात्र तसं आधीच झालं असेल तर १६-बिटमध्ये नेऊन हलका ब्लर द्या, थोडं निभावतं.

शेवटी ८-बिटमध्ये साठवताना एखादा टक्का नॉइज मिसळा. डोळ्याला तो दिसत नाही, पण पट्टे मोडून टाकतो. जेपीईजीपेक्षा पीएनजी बरं.

सगळं प्लॅस्टिकसारखं चकचकीत का दिसतं?

‘प्लॅस्टिक रॅप’ लावल्यामुळे. थट्टा बाजूला ठेवू, पण खरंच, तो फिल्टर प्रत्येक कडेला सारखाच उजळ काठ देतो, आणि खऱ्या द्रवावर चकाकी फक्त काही ठिकाणी असते. वापरायचाच असेल तर लेयरची प्रत करून त्यावर लावा, मोड स्क्रीन करा आणि मास्कने दहातली आठ ठिकाणं पुसा.

उजेडासाठी मला ‘एम्बॉस’ जास्त पसंत आहे. राखाडी नकाशाची प्रत काढून एम्बॉस करा, कोन सगळीकडे एकच ठेवा, मोड हार्ड लाइट किंवा ओव्हरले. एम्बॉसचा मधला राखाडी या मोडमध्ये नाहीसा होतो आणि फक्त उजळ-गडद कडा उरतात. गिंपमध्ये ‘बम्प मॅप’ हेच काम आणखी नीट करतो, त्यात प्रकाशाची दिशा आणि उंची दोन्ही ठरवता येतात.

जुन्या काळातल्या त्या रेशमी भोवऱ्यांची पद्धत कोणती होती?

ढगांवर ‘मेझोटिंट’, मग ‘रेडियल ब्लर’ झूम पर्यायावर दोन-तीनदा, मग लेयरची प्रत. एकीला ट्वर्ल +१००, दुसरीला −१००, वरच्या लेयरचा मोड ‘लायटन’. पाच मिनिटांत होतं आणि अजूनही सुंदर दिसतं. प्रत्येकाचं सारखंच दिसतं, एवढीच खोट. ट्वर्लच्या आधी चित्र मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलंत तर लगेच वेगळं होतं.

पाण्यात शाई सोडून फोटो काढला आणि तो वापरला तर चालेल का?

चालेल काय, बऱ्याचदा उत्तमच. उजळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर पारदर्शक भांडं ठेवा, शटरचा वेग जास्त ठेवा आणि फोकस हाताने करा, कारण विरणाऱ्या शाईवर ऑटोफोकस भरकटतो. फोटो उलटा करून स्क्रीन मोडमध्ये ठेवला की काळ्यावर उजळ धूर मिळतो. राखाडी करून तोच डिस्प्लेसचा नकाशा म्हणूनही वापरा. खऱ्या प्रवाहाचा नकाशा कुठल्याही नॉइजपेक्षा सरस असतो.

चित्र न जोडल्यासारखं चारी बाजूंनी जुळायला हवं असेल तर?

फोटोशॉपचे ढग ५१२, १०२४, २०४८ अशा दोनाच्या घातांच्या चौकोनात केले तर आपोआप जुळतात. त्यानंतर लिक्विफायने कडांना हात लावला की जुळणी गेली. क्रिटात डब्ल्यू दाबून रॅप-अराउंड मोड चालू केला तर जुळलेली फरशीच समोर दिसते, काम तिथेच करा.

एकदा लिक्विफाय केलं की मागे जाता येत नाही. काही उपाय?

लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र आत जपून ठेवणारा लेयर) करा. नव्या आवृत्त्यांमध्ये लिक्विफाय त्यावर स्मार्ट फिल्टर म्हणून बसतं आणि कधीही उघडून बदलता येतं. दुसरा फायदा असा की तेच चित्र पुन्हा पुन्हा लिक्विफाय केलं तर दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि बारकावे मऊ पडत जातात, ते यात टळतं. ‘सेव्ह मेश’ने ओढाताणीची जाळी वेगळी साठवता येते. लहान चित्रावर प्रयोग करून जाळी साठवा, मोठ्या चित्रावर तीच उघडा, ती त्या मापाला ताणून बसते. एकदा तीन तासांचं काम मी जाळी न साठवता बंद केलं होतं. तसे फटकारे पुन्हा जमले नाहीत.

गिंपच्या २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर नंतर बदलता येतात, पण वार्प टूलला ते लागू नाही. तिथे लेयरची प्रत हाच उपाय.

पेन टॅब्लेट हवाच का?

नाही. लिक्विफायमध्ये दाबाचा फायदा होतो, बाकी सगळं माउसने होतं.

एआयला सांगितलं तर तो क्षणात करून देतो. मग हे सगळं कशाला?

तयार चित्र हवं असेल तर खुशाल घ्या. पण ‘हा भोवरा जरा डावीकडे, त्याची चकाकी कमी, आणि खालचा रंग जुन्या चित्रासारखाच’ असं म्हणायची वेळ आली की लेयर हातात असलेला माणूस दोन मिनिटांत मोकळा होतो. सपाट चित्र घेऊन बसलेला पुन्हा पुन्हा नशीब आजमावत राहतो. मी एआयचं चित्र नकाशा म्हणून वापरतो, राखाडी करून.

स्क्रीनवर झळाळणारे रंग छापल्यावर मेले. काय करायचं?

झगमगते निळे, हिरवे आणि किरमिजी रंग छपाईच्या चार रंगांच्या (सीएमवायके) शाईच्या आवाक्याबाहेर असतात. काम आरजीबीत करा पण ‘प्रूफ कलर्स’ (छापल्यावर रंग कसे दिसतील ते दाखवणारा पर्याय) चालू ठेवून मधूनमधून पहा. रंग विझत असतील तर सगळंच भडक करण्याच्या फंदात पडू नका. शेजारची छटा गडद करा, म्हणजे तोच रंग तुलनेने उजळ वाटेल. ग्रेडियंट मॅप वेगळ्या लेयरवर ठेवला असेल तर छपाईसाठी दुसरा ग्रेडियंट जोडणं एका क्लिकचं काम आहे.

मेन्यूतला अर्धा भाग निवडताच येत नाही, फिका दिसतो. फाइल बिघडली का?

फाइल ठीक आहे, तुम्ही १६-बिटमध्ये आहात. फिल्टर गॅलरी आणि कित्येक जुने फिल्टर फक्त ८-बिट आरजीबीवर चालतात. ढग, ब्लर, लिक्विफाय, कर्व्ह्ज हे १६-बिटमध्ये चालतात, तेवढं आधी उरका. मग फाइलची प्रत ८-बिटमध्ये नेऊन बाकीचं करा. मूळ १६-बिट फाइल तशीच ठेवा.